थांबेल तो उमटेल

मी कॅमेरा ठेवायचा एक जुना लाकडी ट्रायपॉड आहे. पाय तीन, त्यातला एक पट्टी बांधलेला. पण म्हणून मला बिचारा म्हणू नका.

मित्रांनो, माझी मालकीण गावोगावच्या जुन्या चर्चचे फोटो काढत फिरते. मला घडवणाऱ्या सुताराने तिला बजावले होते, "बाई, जड आहे म्हणून परत आणू नका. जड आहे म्हणूनच घेताय."

चर्चमध्ये उजेड कमी असतो. मालकीण फ्लॅश वापरत नाही, कॅमेऱ्याचे शटर बराच वेळ उघडे ठेवते. तेवढा वेळ मी हलायचे नाही. समोरून चालत गेलेली माणसे अशा फोटोत उमटतच नाहीत; फक्त खांब, कमानी आणि बाके उरतात.

पूर्वी माझे कौतुक होई. मग मालकिणीच्या मुलीने एक हलका ट्रायपॉड आणला आणि मी दारामागे गेलो. माझ्यावर ओल्या छत्र्या वाळू लागल्या.

"आई, हा सांगाडा मोडीत काढ."

"काढते की. तुझे बाबा टाकू देत नाहीत तो जुना कोट गेला की लगेच."

पुढे डोंगरावरच्या एका चर्चचे रंगवलेले लाकडी छत तडकले. ते दुसऱ्या दिवशी उतरवणार होते आणि त्याचा एकही धड फोटो नव्हता. मायलेकी तिथे पोचल्या, तर नव्या ट्रायपॉडवर कॅमेरा बसवायची चकती घरीच राहिलेली.

"डिकीतला सांगाडा काढू का?" मालकिणीने शांतपणे विचारले. निघताना तिने मला गुपचूप गाडीत टाकले होते.

पहिला फोटो चांगला आला. कॅमेऱ्यात तो पाहून चर्चचे म्हातारे रखवालदार मात्र हिरमुसले. "मी समोरच झाडत होतो. मी कुठाय?"

"काका, चालणारा माणूस यात दिसत नाही. थांबेल तोच उमटतो," मुलगी म्हणाली.

"जन्म गेला इथे झाडण्यात. उद्या छत जाणार, आणि मी फोटोतही नाही?" ते सरळ पुढच्या बाकावर जाऊन बसले. झाडू मांडीवर आडवा घेतला. "घ्या आता. बघू कोण हलवतंय मला."

शटर उघडले. तेवढ्यात फुटक्या खिडकीतून वारा घुसला. माझा बांधलेला पाय करकरला. मुलीने श्वास रोखला. समोर एक म्हातारा ताठ बसला होता. मग मी हलणार होतो काय? फरशीत पाय रोवून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी छत उतरले. फोटोत ते तड्यांसकट, रंगवलेल्या फुलापानांसकट टिकून आहे आणि खाली काकाही आहेत, झाडूची काडी न् काडी दिसेल इतके स्पष्ट.

आता छत्र्या खुंटीवर असतात. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर दया दाखवू नका. त्यांचे सैल झालेले स्क्रू आवळा आणि त्यांना कामावर न्या. मला मोडीत काढायचेच असेल, तर आधी शटर उघडा आणि मला हलवून दाखवा.