दोन रिंगांची खुशाली

‘वापर म्हणजे पलीकडून उचलला गेलेला फोन.’ ही व्याख्या माझीच. डाक-तार मंत्रालयात सतरा वर्षं खर्डेघाशी केली, त्यात साहेबांनी पाठ थोपटली ती या एका ओळीसाठी. वर्षभरात वापर नसेल तो फोन कायमचा बंद. आज सकाळी बंद करायच्या फोनांची यादी माझ्या टेबलावर आली आणि एकशे बाराव्या ओळीत माझ्या आईचा नंबर निघाला.

आई डोंगरापलीकडे एकटी राहते. तिथे मोबाईलला रेंज नाही. रोज दुपारी एकला ती आमच्या कार्यालयात फोन लावते, दोन रिंग देते आणि ठेवते. दोन रिंग म्हणजे मी खुशाल, उचलू नकोस. नियम बाबांनी घालून दिलेला. आमची अख्खी शाखा त्या रिंगवर डबे उघडते, आणि व्याख्या लिहिताना मला अक्कलवंताला तेवढीच रिंग आठवली नाही.

मीच फोन करून तिला सांगावं, तर आमच्या घरात दोनाच्या वर रिंग एकदाच वाजल्या होत्या, बाबा गेले तेव्हा. तिच्या काळजाचं पाणी झालं असतं.

“साहेब, एवढा एक नंबर खोडू?”

“वापराचा पुरावा दाखव, खोडतो. दोनला सही करायचीय.”

शाखेचा फोन साहेबांच्या टेबलावर. पावणेएकला त्यांनी मेव्हण्याला लावला. विषय कपाटाचा रंग. मी टेबलाभोवती येरझाऱ्या घालू लागलो.

“अहो, बसा तरी,” टायपिस्टबाई म्हणाल्या. “मलाच घेरी येतेय.”

एकला तीन मिनिटं. “पांढरा नको रे, डाग दिसतात.” एकला एक मिनिट. “तपकिरी? बघू या.”

माझा धीर सुटला. मी फोन तोडायच्या खटक्यावर अंगठा दाबला.

“अरे!” साहेब ओरडले. मी त्यांच्या हातातून रिसीव्हर काढून जागेवर ठेवला. नोकरी गेली बहुतेक, असं मनात येतंय तोच फोन वाजला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत मी उचलला.

“आई?”

“कोण गेलं?”

“कोणी नाही गं. ठेवू नकोस. आपला फोन बंद करणार होते. तू वापरतच नाहीस म्हणे.”

“म्हणजे? रोज करते की!”

“हो. मीच उचलत नव्हतो.”

हे बोलताना मला भयंकर लाज वाटली. साहेब रागाने लाल झाले होते. तरी त्यांनी यादी ओढली, एकशे बारावी ओळ खोडली आणि मला हातानेच खुणावलं, ठेव आता. काम झालं होतं. मी ठेवणारच होतो.

“आता उचललाच आहेस,” आई म्हणाली, “तर बोल की रे जरा.”