बुटांवरची माती

टाचेतली माती काही केल्या निघेना, तेव्हा सुलभाताईंनी स्वयंपाकघरातून जुनी सुरी आणली. माती कसली, दगडच झाला होता तिचा. त्यांनी बूट गरम पाण्यात बुडवले, खरवडले, दात घासायच्या जुन्या ब्रशने शिवण न् शिवण घासली आणि गढूळ पाणी परसातल्या गटारात ओतून दिलं. दिवाळी तोंडावर आली होती. सुनेच्या घरात साफसफाईला वावच नव्हता, तिथे सगळं यंत्र करायचं. म्हणून बाईंनी शेजारच्या एड्नाचं घर काढलं साफ करायला.

ही २००७ सालची गोष्ट. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ओटागोच्या डोंगरात डेव्हीज क्रीक नावाचं गाव आहे. एके काळी सोन्यापायी तिथे माणसांची झुंबड होती. आता उरलीत थोडीशी घरं, एक डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, आणि नव्याने उघडलेली खाण. त्या खाणीत मुलगा मकरंद इंजिनियर. पोस्टाच्या खिडकीवर जन्म काढलेल्या सुलभाताई नवरा गेल्यावर त्याच्याकडे आल्या आणि तोंडाला कुलूप लावल्यासारख्या बसून राहिल्या. मग एक दिवस म्हाताऱ्या एड्नाने कुंपणावरून एक कोबी दिला आणि ते कुलूप निघालं. एकीचं इंग्रजी तुटकं, दुसरीला मराठीचा गंध नाही, तरी रोज चहा व्हायचा. या परक्या देशात सुलभाताईंची वाट बघणारं तेवढं एकच माणूस होतं.

एड्ना खुब्याच्या ऑपरेशनसाठी डनीडिनला गेली, ती किल्ली यांच्याकडे देऊन. मांजराला खायला घालायचं, कुंड्यांना पाणी घालायचं, एवढंच काम. मागच्या दाराशी फळीवर बूट होते. "डॅडचे," ती जाताना म्हणाली होती. "गावच्या हॉलमध्ये जुन्या खाणवाल्या घराण्यांचं प्रदर्शन आहे ना, तिथे मांडणार." चारचौघांत मांडायची वस्तू लख्ख हवी, हे मराठी बाईला वेगळं सांगावं लागत नाही. हळदीकुंकवाची चांदीची भांडी घासावीत तसे सुलभाताईंनी बूट घासले. वर काळं पॉलिशही केलं.

एड्ना कुबड्या टेकत घरी आली. घर बघून "ओह, यू डार्लिंग!" म्हणाली. मग मागच्या दाराशी गेली.

"माती कुठाय?"

"वॉश्ड! ऑल क्लीन!" सुलभाताई अभिमानाने म्हणाल्या.

एड्ना खुर्चीत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती लहान मुलाला समजवावं तसं सावकाश बोलली आणि सुलभाताईंना शब्द न् शब्द कळला.

"मी सहा वर्षांची होते. हे ओले होते, म्हणून त्या दिवशी डॅड दुसरे बूट घालून गेला. खाणीत पाणी शिरलं. कुणालाच वर काढता आलं नाही. मग खाणीचं तोंड बुजवून टाकलं. तो अजून तिथेच आहे, त्या मातीत. बुटांवरची तेवढीच माझ्याकडे होती. आधी आईने जपली, मग मी."

"सॉरी. एड्ना, सॉरी. आय नॉट नो."

"किल्ली टेबलावर ठेव."

घरी येऊन सगळं सांगता सांगता सुलभाताई रडल्या. मकरंदने लॅपटॉपमधून मानही वर काढली नाही. "आई, अगं माती ती! खाणीवरनं पोतंभर आणून देतो. त्याच डोंगरातली आहे."

"सीरियसली, आई," सून गार्गी हसत म्हणाली, "इतकी वर्षं घाणेरडे बूट कोण ठेवतं?"

"बाबांच्या अस्थी घेऊन आपण आळंदीला गेलो होतो," सुलभाताई मुलाला म्हणाल्या. "तेव्हा कुणी म्हणालं असतं, राख काय, बंबातली आणून देतो, तर?"

"ड्रामा नको ना, आई," मकरंद म्हणाला आणि पुन्हा टाइप करायला लागला.

प्रदर्शनाच्या दिवशी एड्नाचा स्वतःहून फोन आला. "ये," म्हणाली. सुलभाताई चकल्यांचा डबा घेऊन धावतच गेल्या. माफी मिळाली असं वाटलं बिचारीला. एड्नाने बुटांच्या टेबलाला लागूनच एक खुर्ची मांडली होती, तिथे त्यांना बसवलं. मग जो येईल त्याला ती सांगू लागली, "माझ्या शेजारणीने धुतले. बघा तरी, किती सुंदर." लोक वाकून बघायचे, सुलभाताईंचा हात हातात घ्यायचे. "लव्हली जॉब!" सुलभाताई "थँक यू, थँक यू" म्हणत राहिल्या. उठायला लागल्या की एड्ना म्हणे, "बस ना. अजून पुष्कळ लोक यायचेत." ती दिवसभर हसत होती. डबा मांडीवरच राहिला.

हॉल बंद व्हायच्या वेळी एड्नाने बूट उचलले आणि दाराशी ठेवलेल्या दानाच्या खोक्यात टाकले, जुन्या स्वेटरांवर. "आता ते नुसते बूट आहेत," ती म्हणाली. "घालेल कुणीतरी."

ती गेल्यावर सुलभाताईंनी ते खोक्यातून काढले, पदराखाली धरून घरी आणले आणि मागच्या पायरीवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला. वाफ्यातली माती उडून बुटांवर बसली. कुंपणापलीकडे एड्ना खिडकीपाशी आली, पडदा ओढला आणि आत गेली. गार्गी फडकं घेऊन पायरीवर वाकली.

"राहू दे गं," सुलभाताई म्हणाल्या. "हात लावू नकोस."