नुसती ‘चूक झाली’

रविवारी सकाळी, वडिलांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, लेकीने त्यांच्यासाठी स्वतः बनवलेली औषधाची पेटी उघडली. तिच्यातला, पायथॉन या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्रॅम ठरल्या वेळी हृदयाची गोळी वाटीत टाकत असे. पण वडिलांनी आठवडाभर पेटीला हात लावला नव्हता, आणि औषध बंद पडले होते.

“जन्मभर घड्याळं दुरुस्त केली मी,” ते कुरकुरले, “आणि हा डबा उठसूट मला म्हणतो, चूक झाली! काय चुकलं ते सांगायला याची जीभ झडते का?”

तिने कोड पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. घाईत तिने सगळ्या अडचणींसाठी प्रोग्रॅममध्ये एकच सरसकट उत्तर लिहिले होते. झाकण उघडे असो वा कप्पा रिकामा, पेटीच्या छोट्या पडद्यावर तेच दोन शब्द उमटत.

“बाबा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं.”

मग तिने प्रत्येक अडचणीसाठी वेगळे एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्रॅमला ती अडचण ओळखता येईल असे तिचे स्वतःचे नाव, घडवले, आणि ती आली की पडद्यावर काय सांगायचे तेही वेगळे लिहिले.

“एवढी नावं कशाला गं?”

“डॉक्टर प्रत्येकाला नुसतं ‘आजारी’ म्हणाले, तर चालेल तुम्हाला?”

वडील गालात हसले. मुद्दाम झाकण उघडे ठेवून त्यांनी बटण दाबले. पडद्यावर अक्षरे आली: ‘बाबा, झाकण उघडं राहिलंय. लावा, म्हणजे गोळी देते.’

त्यांनी ते दोनदा वाचले, झाकण हलकेच लावले आणि वाटीत पडलेली गोळी पाण्याबरोबर घेतली.

“आता ठीक आहे,” ते म्हणाले. “रोज घेईन.”