शेऱ्याचा रकाना

"पत्ता पुसता येत नाही म्हणजे काय?" मावशींनी विचारलं.

सुपरवायझरने हात वर केले. यादी आरोग्य खात्याची आहे असं कंपनी म्हणते, कंपनीची आहे असं खातं म्हणतं, आपण फक्त वापरणारे, असं त्याने सांगून टाकलं.

साथीच्या काळात कॉल सेंटरच्या याच खोलीतून सरकारी ॲपवरच्या नंबरांना फोन जायचे. चौदा दिवसांत कुठे गेलात, कोणाला भेटलात, सध्या राहता कुठे. साथ सरली, कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे गेलं आणि खुर्च्या, पंखे, मावशी यांच्यासकट ती यादीही नव्या मालकाच्या पदरात पडली. आता त्याच माणसांना विमा विकायचा होता. मावशी खोलीत वयाने सगळ्यात मोठ्या, म्हणून मावशी.

त्यांना शेरे लिहायची भारी हौस. बाकीचे तो रकाना कोरा सोडत, मावशी मात्र टिपून ठेवत. 'आजोबांना कमी ऐकू येतं.' 'मूल गेलंय, घरी किती जण हे विचारू नये.' पुढच्या फोनवाल्याने दुखऱ्या जागी बोट ठेवू नये, एवढाच त्यांचा हेतू.

त्याच मायेने त्यांनी एका शिवणकाम करणाऱ्या बाईपुढे लिहिलं होतं, 'नवऱ्याच्या माराला कंटाळून निघून आली आहे. दुसरा नंबर त्याचा. त्यावर फोन करू नये.' बाई नवा पत्ता सांगायला तयार नव्हती. मावशींनी अर्धा तास गोड बोलून तो काढून घेतला होता.

"पुसून टाकाल ना, ताई?" तिने विचारलं होतं.

"चौदा दिवसांनी आपोआप पुसलं जातं," मावशी म्हणाल्या होत्या. समोरच्या कागदावर तसं छापलेलं होतं, आणि छापील अक्षरावर त्यांचा विश्वास होता.

पत्ता पुसला गेला नव्हता. गेला होता तो शेऱ्याचा रकाना. वाचण्यात वेळ जातो म्हणून नव्या कंपनीने तेवढा मात्र चटकन काढून टाकला होता. आज दुपारी सगळ्या दुसऱ्या नंबरांना फोन जाणार होते. फोन मशीनच लावणार आणि पलीकडच्या टेबलावरची मुलगी खात्रीसाठी पत्ता वाचून दाखवणार. तो नंबर गाळ म्हणून मावशींनी तिची मनधरणी केली. तिच्या हातात काही नव्हतं.

मावशींनी नियम मोडून त्या बाईला फोन केला. आवाज ओळखून ती आधी आनंदली. सगळं ऐकल्यावर तिने एवढंच विचारलं,

"शिलाई मशीन घेऊन मी आता कुठे जाऊ, ताई?"

ती रागावली असती तर मावशींना सोपं गेलं असतं.

जुना पत्ता काढायचा एकच मार्ग होता, त्याजागी नवा टाकणं. तोही नकाशावर सापडणाऱ्या राहत्या घराचा. मावशींनी मनाने रचलेले दोन पत्ते टाकून पाहिले, मशीनने दोन्ही नाकारले. कुणा शेजाऱ्याचा टाकायचा तर त्याने काय घोडं मारलं होतं? पाठ असलेला आणखी एकच पत्ता उरला. तो मशीनने लगेच घेतला.

जेवणानंतर तो नंबर लागला आणि पलीकडची मुलगी पत्ता वाचू लागली. तिसरा मजला, डाव्या हाताचं दार. मावशी कान देऊन ऐकत होत्या.

"हो, परत सांगते," मुलगी म्हणाली. "सावकाश सांगते, लिहून घ्या."

मावशींनी घरी फोन लावला. घरी वडील एकटे. कुणी दार वाजवलं की ते आधी दार उघडत आणि मग चष्मा शोधत.

"बाबा, दाराला आतून कडी लावून घ्या. कुणीही आलं तरी उघडू नका."

"कोणी येणार आहे का?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम खुलला होता. कित्येक महिन्यांत त्यांच्याकडे कोणी आलं नव्हतं.