‘काढ’ म्हणजे नक्की काय?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या ऑफिसात टर्मिनल चार होती, पण बोलकं एकच. बाकीच्यांवर लॉगिन केलं की नुसतं डॉलरचं चिन्ह लुकलुकायचं. मंजुळाने लॉगिन केलं की मशीन हिरव्या अक्षरांत विचारायचं, “काय गो मंजू?”

रोमन अक्षरांत का होईना, पण विचारायचं, आणि तेही तिच्या आईच्या, आवडाबाईच्या शब्दांत. बाळकुमला खाडीकाठी राहणाऱ्या त्या कोळी घरातली मंजुळा ही पहिलीच प्रोग्रामर. एक्क्याण्णव साली नोकरीला लागली तेव्हा त्या काळ्या पडद्याची तिला अशी काही धास्ती बसली होती की बोलायची सोय नाही. मग तिने हळूहळू मशीनलाच आपल्या वळणाला लावलं. फाइलींची यादी हवी तर ‘दाखव’. फाइल एडिटरमध्ये उघडायची तर ‘काढ’. ऑफिसात आपण म्हणतोच की, ती जुनी फाइल काढ जरा. शिवाय एडिटरमध्ये तिने एक बटण असं बसवलं होतं, की ते दाबलं की फाइल जागच्या जागी सेव्ह व्हायची आणि तिची एक प्रत ‘वाटा’ नावाच्या तिच्या खासगी कप्प्यात जायची. आवडाबाई मासळीची टोपली बाजारात न्यायच्या आधी घरचा वाटा बाजूला ठेवायची, त्यातलीच ही चाल.

ऑफिसचे मुख्य प्रभाकर सर. त्यांना हा सगळा पोरखेळ वाटायचा.

“मंजुळा, उद्या तुझ्या जागी दुसरं कोणी बसलं तर त्याने काय करायचं? आधी बाळकुमला जाऊन भाषा शिकून यायची?” असं म्हणून त्यांनी फर्मान काढलं. सोमवारपासून चारही टर्मिनल एकसारखी. ज्याने त्याने आपापली कलाकुसर पुसून टाकायची.

मंजुळाला रडू आलं. पडद्यावरच्या तीन शब्दांसाठी रडायचं म्हणजे वेडेपणाच, पण त्या अख्ख्या ऑफिसात तिला मंजू म्हणणारं तेवढं एकच होतं.

शुक्रवारी अकरा वाजता औषधांच्या गोदामाचा प्रोग्राम बघायला पार्टी येणार होती. प्रोग्रामची फाइल फ्लॉपीवर घालून द्यायचीही होती. मंजुळाचं आठ महिन्यांचं काम सगळ्यांच्या सामाईक कप्प्यातल्या त्या ‘गोदाम’ नावाच्या फाइलीत होतं. साडेदहाला सरांनी डेमोसाठी तिचं टर्मिनल ताब्यात घेतलं, आणि नेमकं तेव्हाच तिच्या लक्षात आलं की वरच्या ओळीत पार्टीचं नाव चुकलंय. शेजारची शेवंती चहा सांगायला उठली होती. तिचं लॉगिन चालूच होतं. मंजुळा तिच्या खुर्चीत टेकली आणि तिने घाईघाईने टाइप केलं: काढ गोदाम.

काही उघडलं नाही. तिने परत टाइप केलं. मशीन म्हणालं, अशी फाइल नाही.

“शेवंती!” मंजुळा ओरडली. “तुझ्या ‘काढ’ने काय होतं गं?”

शेवंती विठ्ठलवाडीहून यायची. मैत्रिणीचं बघून तिनेही मराठी शब्द घातले होते, पण आपल्या मनाने.

“काय होणार? कचरा काढतो तसं. फाइल उडते,” ती म्हणाली. “का गं?”

“अगं, माझ्यात काढ म्हणजे उघड!”

फाइल पुसली गेली होती. ऑफिसच्या बॅकअप टेपवरची प्रत गेल्या शनिवारची, म्हणजे आठवड्याचं काम गेलंच.

“बघितलंत? हेच मी सांगत होतो,” प्रभाकर सर म्हणाले. आणि खरं सांगायचं तर बरोबरच सांगत होते.

“सर, जरा उठता?” मंजुळा कशीबशी म्हणाली. तिने आपल्या जागी बसून लॉगिन केलं. काय गो मंजू? तिने टाइप केलं: दाखव वाटा. यादीत खाली ‘गोदाम’ होती. आजची तारीख, वेळ नऊ पन्नास.

“आये!” मंजुळा अशी किंचाळली की चहावाला दारातच थबकला. तिने फाइल परत जागेवर ठेवली, पार्टीचं नाव सुधारलं, आणि अकराला पाच कमी असताना फ्लॉपी तयार होती.

“ही प्रत कुठून आली?” सरांनी विचारलं.

“घरचा वाटा, सर. आधी बाजूला काढायचा, मग बाजारात जायचं.”

“म्हणजे काढचा हा तिसरा अर्थ,” सर म्हणाले, आणि पहिल्यांदाच मनापासून हसले.

पार्टी खूश होऊन गेली. दुपारी सर मंजुळापाशी येऊन उभे राहिले. “तो वाटा चारही टर्मिनलवर घाल. एकसारखं म्हणजे एकसारखं. ‘काढ’ मात्र दोघींचंही बंद.”

“आणि ‘काय गो’?” मंजुळाने विचारलं.

सरांनी इकडेतिकडे बघितलं. “माझ्याकडे येईल का ते?”

सोमवारी त्यांच्या पडद्यावर आलं, “काय हो प्रभाकर सर?”

“माझी आई ‘काय रे प्रभा’ म्हणायची,” सर हळूच म्हणाले. मंजुळाने तिथल्या तिथे बदलून दिलं.

सरांनी खुर्ची पुढे ओढली. मग दोन बोटांनी त्यांनी टाइप केलं: आलो. मशीनने सांगितलं, असा हुकूम माहीत नाही.

“मंजू,” सर म्हणाले, “हा शब्द पण घालून दे.”