खूण केलेलं इंजिन

डिचोलीतल्या खाणी बंद झाल्या त्या दिवशी सगुणने आपला ट्रक अंगणात फणसाखाली लावला. दोन महिन्यांत सुरू होतील, असं सगळे म्हणाले. पुढची काही वर्षं सगळे तेच म्हणत राहिले. तोवर ट्रकचे टायर विकले गेले, मग बॅटरी, मग मागचा हौदा. त्याची बायको सुमंगला म्हणायची, आपल्याकडे आलेला पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही, पाना घेऊनच येतो.

इंजिनाला मात्र सगुण कुणाला हात लावू देत नसे. दर सोमवारी शेजारच्या श्रीनाथची बॅटरी मागून आणायची, दहा मिनिटं इंजिन चालवायचं, घरभर धूर करायचा आणि "चालू आहे" म्हणून सांगायचं. विचारलेलं कुणी नसायचं.

मुलगी गौरवी यीस्टवर पीएचडी करत होती. पोरगी पावावर शिकते, असं तो लोकांना सांगे. मग पाव भाजणाऱ्या पोदेराकडेच का नाही धाडली, असं लोक विचारत.

म्हापशाचा भंगारवाला इंजिन बघून गेला, त्या सकाळी सगुणने तिला पहिल्यांदाच नीट विचारलं, तू शिकतेस तरी काय. चहाबरोबरचा उंडा पाव मोडता मोडता तिने सांगितलं. यीस्टच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, म्हणजे तिची इंजिनंच. उपासमार आली की पेशी ती पोसत बसत नाही. स्वतःच्या पोटात घालते, पचवते आणि त्याच मालावर दिवस काढते. कुठलं इंजिन द्यायचं ते कळावं म्हणून त्याच्या अंगावर एक प्रथिन बसलेलं असतं, खडूने खूण केल्यासारखं. ते प्रथिन नसेल तर निकामी इंजिनं साठत जातात आणि पेशीच बिघडते.

"खूण कोण करतं?" सगुणने विचारलं.

"वेळ आली की पेशीच करते, बाबा. मोह धरत नाही."

तो चहात बुडवलेला उंडा बराच वेळ चावत राहिला. मग उठून त्याने भंगारवाल्याला फोन लावला.

इंजिनाच्या पैशांवर पावसाळा निघाला, गौरवीचा प्रबंधही बांधून आला. तो बाबांना अर्पण केलेला होता.

दिवाळीनंतर खाण सुरू झाली. ट्रकवाल्यांना निरोप आला, गाडी चालू स्थितीत घेऊन नोंदणीला या. श्रीनाथ झेंडूचा हार घातलेला ट्रक घेऊन दारावरून गेला. सवयीने त्याने हॉर्नही दिला.

सगुणने ट्रकच्या सांगाड्यापाशी उभं राहून मुलीला हाक मारली.

"बाये, एका पेशीत ही इंजिनं असतात किती?"

"बरीच."

"सगळी खाते?"

गौरवीने खाली बघितलं. "नाही. थोडी राखते. पुन्हा खायला मिळालं की तीच लागतात."

"हे तुझ्या पुस्तकात आहे?"

"एकशे बाराव्या पानावर."

सगुणने मान हलवली. "मला त्या दिवशी एकशे अकरापर्यंतच सांगितलंस."