ह्यांच्यापासून चाळीस पावलं

चुडामण पाटलांनी चष्मा पुसला आणि फोनवरचा नकाशा पुन्हा दोन बोटांनी मोठा केला. कालपर्यंत कोरीटवर हिरव्या ठिपक्यांचा एक घोस होता आणि म्हसावदवर दुसरा. आज दोन्ही गावं मोकळी होती.

सहाशे बारा ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे त्यांच्या बायकोनं, रमिलाबाईंनी पाहिलेलं एखादं झाड नाहीतर वेल. बाई जाऊन आठ महिने झाले होते. रोज चहा झाला की चुडामण एखादा ठिपका दाबायचे. खाली तिचं नाव यायचं. आज नाव टाकलं तर उत्तर आलं, 'शून्य नोंदी'.

त्यांनी पुण्याला शिरीनला फोन लावला. शिरीन नंदुरबारची, शाळेत रमिलाबाईंच्या हाताखाली शिकलेली. देशभरातल्या अशा नोंदी एकत्र करून सगळ्यांना खुल्या करणारं जाळं होतं, तिथं ती कामाला होती. बाईंच्या वह्यांचे फोटो तिनंच नेले होते.

"तुम्ही लोकेसनी मन्ही बायकोनं नाव पुसी टाकं."

"पुसलं नाही काका, बाजूला ठेवलंय. आधी आम्ही गावाच्या नावावर ठिपका टाकायचो. आता सगळ्या राज्यांच्या नोंदी जोडल्या, म्हणून नियमही एकच झाला. नेमकी जागा हवी."

"वहीम्हा जागा लिखेल शे ना!"

"तपासणाऱ्यांनी काय शेरा मारलाय, वाचू? 'ह्यांचे ह्या नावाची वाडी कोरीटच्या नकाशावर आढळत नाही. खुलासा करावा.'"

"कोनती वाडी?"

"वही काढा, काका."

बाई गेल्यापासून वह्या कपाटातच होत्या. त्यांनी वरची उघडली. 'मुरडशेंग. कोरीट. ह्यांच्यापासून चाळीस पावलं, ओढ्याकडे.' पान उलटलं. 'गुळवेल. म्हसावद. ह्यांच्यापासून बारा पावलं, चढावर.' आणखी चार पानं उलटली. सगळीकडे तेच.

लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण रमिलाबाईंनी नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. वहीतही घेतलं नव्हतं.

"शिरीन, हाई गाव नही. हाऊ मी शे."

"मला कळलं होतं, काका. पण जागेच्या रकान्यात तुम्हाला कसं भरू? तुम्ही कुठं बसायचात तेवढं सांगा. पावलं मी मोजून घेईन."

"आनि नही सांगं तं?"

"महिनाअखेरीस हा साठा खुला होतो. त्यात बाईंचं काही नसेल. पुढचा कधी निघेल ते मी सांगू शकत नाही. आमचीच नेमणूक मार्चपर्यंत आहे. तिघंच उरलोय आम्ही."

"अख्खा देशना कारभार, आनि तीन जन!" चुडामण ओरडले. तिचा त्यात दोष नव्हता, हे त्यांना ओरडतानाच कळत होतं. फोन ठेवून ते बराच वेळ वहीचा कोपरा सरळ करत बसले.

कुठं बसायचो? ते वीजमंडळात वायरमन होते. आठवडाभर खांबांवर चढायचं आणि रविवारी बायकोला मोटरसायकलवरून न्यायचं. सावली दिसेल तिथं स्टँड लावायचं, पेपर उघडायचा. ती काय पाहते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. "झालं का?" एवढंच विचारायचे.

दुपारी वही घेऊन ते कोरीटच्या ओढ्यावर गेले. बांधावर धनुबाई शेळ्या चारत होती. बाईंना झाडांची गावठी नावं तिनंच सांगितली होती.

"धनुबाई, मी आठे कोठे बसेल ऱ्हाऊ?"

"बसेल?" धनुबाई हसली. "तू तं झोपेल ऱ्हाये भाऊ, तोंडवर पेपर टाकीसन. शेळी येईसन पेपर खाई गयी, तरी तुले पत्ता नही."

"कोनता झाडखाले?"

"त्या बाभळी गयात. रस्तावाला तोडी लई गयात."

चुडामणांनी कपाळावर हात मारला. "मग तिनी झाडपासून का नही मोजं? मन्हापासून कसाले मोजं?"

"मी बी तेच म्हनू. बाई, झाडपासून मोज, त्या झोपेल मानूसपासून कसाले मोजस? तं म्हने, झाड उद्या कोनी तोडी टाकी, ह्या तं ऱ्हातीन."

शेळ्या पुढं सरकल्या, तशी धनुबाई त्यांच्यामागं निघून गेली.

चुडामण ओढ्याच्या काठानं चालू लागले. तासाभरानं एका झुडपावर पिळलेल्या शेंगा दिसल्या. आता उलटं मोजायचं होतं. त्यांनी बांधाकडे तोंड केलं आणि चाळीस पावलं टाकली. ते बांध ओलांडून पार कापसात गेले. मग लक्षात आलं, की पावलं तिची होती.

ते झुडपापाशी परत आले. या वेळी आखूड पावलं टाकली, लुगडं सांभाळत चालावं तशी. चाळिसावं पाऊल तोडलेल्या बाभळीच्या खुंटापाशी पडलं. ते खुंटावर बसले, फोनमधली जागा शिरीनला पाठवली आणि वहीत त्या ओळीपुढं खूण केली.

महिना संपायला अकरा दिवस होते. सहाशे अकरा नोंदींना अजून जागा नव्हती.